मिक्सरला घाबरणारा, कॉलर चावणारा मुलगा आणि दुसरीचं वाचन

प्रश्न: मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत आहे. आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो. डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, सांगितलंय. वाचन-लेखन मागं आहे म्हणून पुढं अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या म्हणालेत. मिक्सर लावला की कान दाबून पळतो. कटिंगला दोघांनी धरावं लागतं. शर्टाची कॉलर चावून ओली करतो. खाण्यात मोजून पाच-सहा पदार्थ. आणि हाच मुलगा दिवसभर गादीवरून उड्या मारतो, दाराला धडकतो, पडला तरी रडत नाही. बाई म्हणतात शिस्त नाही, सासूबाई म्हणतात लाडावलाय. एका ठिकाणी ‘सेन्सरी प्रॉब्लेम, म्हणजे संवेदनांचा त्रास आहे, सहा महिन्यांचं पॅकेज घ्या, वाचनसुद्धा सुधारेल’ असं सांगितलं. यातलं खरं काय मानायचं, आणि आम्ही घरी काय करायचं?

उत्तर: ताई, ‘पडला तरी रडत नाही’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. आवाजाला एवढा हळवा मुलगा मार लागल्यावर गप्प कसा, हे कोडं घराघरात पडतं आणि त्यातूनच ‘नाटक करतो’ असं लोक ठरवून टाकतात. मी बावीस वर्षं सोलापुरात मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून द्यायच्या उपचाराचं काम करते. एका संवेदनेला अतिशय हळवा आणि दुसरीला जणू झोपलेला, अशी मुलं मी खूप पाहिली आहेत. तुमचा मुलगा नाटक करत नाही. हे घरात सगळ्यांनी आधी मान्य करावं, कारण पुढं मी जे सांगणार आहे ते त्याशिवाय जमणार नाही.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो. या मुलांसाठी आणखी तीन धरावी लागतात. पहिलं आतल्या कानातलं: डोकं किती कललं, शरीर किती वेगानं फिरतंय हे सांगून तोल राखणारं. दुसरं स्नायू आणि सांध्यांमधलं. डोळे मिटले तरी आपला हात कुठं आहे आणि पेन्सिलीवर किती जोर पडतोय हे त्यामुळं कळतं. तिसरं शरीराच्या आतलं, म्हणजे भूक, तहान, लघवीची जाणीव, छातीतली धडधड. या आठही वाटांनी मेंदूकडं माहितीचा ओघ चालू असतो. तुम्ही हे वाचताना पंख्याचा आवाज, ब्लाउजची शिवण, पाठीला लागलेली खुर्ची हे सगळं मेंदूपर्यंत पोचतंय, पण ‘हे माहितीचंय, सोडा’ म्हणून तो ते बाजूला सारतो. काही मुलांच्या मेंदूला हे बाजूला सारणं जमत नाही. त्यांना शिवण दहाव्या मिनिटालाही पहिल्या मिनिटाइतकीच टोचते. आणि काही वाटांवर उलटं असतं. तिथून येणारा निरोप इतका पुसट असतो की तो कळावा म्हणून मुलाला उडी मारावी लागते, धडकावं लागतं, चावावं लागतं. एकाच मुलात दोन्ही असू शकतं. तुमच्याकडं तेच दिसतंय: कान आणि डोक्याची त्वचा अतिहळवी, स्नायू-सांध्यांचा निरोप पुसट.

हे नुसतं आमचं थेरपिस्ट लोकांचं म्हणणं नाही. घाम आला की त्वचेतून वीज थोडी जास्त वाहते. अशी मोजणी करून, आवाज, स्पर्श, वास पुन्हा पुन्हा दिल्यावर मुलांचं शरीर काय करतं हे १९९९ पासून अभ्यासलं गेलंय. बहुतेक मुलांचं शरीर दोन-तीन वेळांनंतर शांत होतं, अतिहळव्या मुलांचं उसळतच राहतं. पुढं २०१३ आणि २०१५ साली अमेरिकेत ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या मेंदूचे स्कॅन झाले. ज्यांना आवाज-स्पर्शाचा त्रास जास्त होता त्यांच्या मेंदूतलं धोक्याची सूचना देणारं केंद्र जास्त पेटत होतं आणि लवकर विझत नव्हतं. म्हणजे मिक्सर सुरू झाल्यावर त्याच्या शरीरात जे घडतं ते तुमच्या-माझ्या अंगावर कुत्रं धावून आल्यावर घडतं त्या जातीचं असतं. त्या क्षणी ‘त्यात काय घाबरायचं’ हे समजावणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

आता ‘सेन्सरी प्रॉब्लेम’ या शब्दाबद्दल. ही कल्पना मांडली जीन एयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टनं. लॉस एंजेलिसमध्ये अध्ययन अक्षमतेच्या मुलांसोबत काम करताना तिच्या लक्षात आलं की ही मुलं अक्षरांशी झगडण्याआधी खुर्चीवर बसण्याशी, पेन्सिल धरण्याशी, गर्दीशी झगडताहेत. १९७२ साली तिनं आपला सिद्धांत सविस्तर मांडला. तिचं निरीक्षण आजही मला रोज उपयोगी पडतं. पण निरीक्षण वेगळं आणि आजाराचं नाव वेगळं. मानसिक विकारांच्या ज्या अमेरिकन यादीनुसार आपल्याकडंही बरंच निदान होतं, त्या डीएसएमच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ असा स्वतंत्र आजार नाही. ऑटिझमच्या लक्षणांत मात्र संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देण्याचा समावेश त्या वर्षी झाला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१२ मध्ये सांगितलं की हे वेगळं निदान म्हणून शक्यतो देऊ नये, मुळाशी ऑटिझम, एडीएचडी, अतिचिंता, विकासातलं मागेपण यांपैकी काय आहे ते शोधावं. तेव्हा तुम्हाला कोणी कागदावर ‘सेन्सरी डिसऑर्डर’ एवढंच लिहून दिलं तर ते अर्धं उत्तर समजा. त्रास खरा आहे, पण तो बहुतेक वेळा दुसऱ्या कशाच्या तरी सोबत येतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत तो एडीएचडीसोबत आलाय. ऑटिझमची तपासणी झाली नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तेवढं थेट विचारा. आवाज, केस आणि खाणं या तिन्हींवर अडणाऱ्या मुलाबाबत मी ते विचारल्याशिवाय राहत नाही.

थेरपीच्या आधी काही साध्या तपासण्या. कान झाकणाऱ्या मुलाच्या कानात कधी पू-पाणी साठलेलं निघतं, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि ऐकण्याची चाचणी करून घ्या. कॉलर चावणाऱ्याच्या तोंडात किडलेली दाढ असू शकते. मोजकं खाणाऱ्याचं हिमोग्लोबिन, लोह आणि बी-१२ पाहावं लागतं. खडू, माती, रंगाचे पोपडे असलं काही खात असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि शौचाला रोज साफ होते का ते बघा. मोजकं खाणाऱ्या मुलांत बद्धकोष्ठता फार सापडते, आणि पोट फुगलेलं मूल सगळ्याच संवेदनांना चिडतं. झोपही विचारात घ्या. एक रात्र अपुरी झोप झाली तरी दुसऱ्या दिवशी मिक्सर दुप्पट मोठा वाटतो.

मग आठ-दहा दिवस एक वही ठेवा. कधी बिनसलं, त्याआधी अर्धा तास काय चाललं होतं, किती वेळात सावरला, एवढंच लिहा. मी हे प्रत्येकाला करायला लावते, कारण यातूनच खरं कळतं. सोलापूरच्या पूर्व भागातला एक मुलगा माझ्याकडं यायचा. घराच्या पुढच्या खोलीत यंत्रमाग, दिवसभर खडखडाट. त्या आवाजात तो गाढ झोपायचा, पण कुकरची शिट्टी झाली की थरथर कापायचा. आईवडिलांना वाटायचं, मागाचा एवढा आवाज चालतो तर शिट्टीचंच काय? वहीतून कळलं ते असं: मागाचा आवाज एका लयीत असतो, पुढचा ठोका केव्हा येणार हे त्याच्या मेंदूला ठाऊक असतं. शिट्टी कधी होईल ते कळत नाही. त्याला आवाजाच्या मोठेपणापेक्षा तो अचानक येतो याचा त्रास होता. मग आईनं शिट्टीआधी हाक मारायला सुरुवात केली, कुकरमधून वाफ फुरफुरायला लागली की तो स्वतःच ‘आता होणार’ म्हणायला शिकला. दीड-दोन महिन्यांत शिट्टीचा विषय संपला. कुठलंही उपकरण लागलं नाही.

तुमच्या मिक्सरचंही तसंच करून बघा. मिक्सर लावायच्या आधी सांगा, आणि शक्य असेल तेव्हा बटण त्याच्या हातात द्या. चालू तोच करेल, बंद तोच करेल, सुरुवातीला दोन सेकंदच. आवाज ज्याच्या हातात असतो त्याला तो कमी बोचतो. मिक्सरखाली जाड टॉवेलची घडी घाला. टॉवेल तर आपल्या गावात घरोघरी आहेतच. शेंगा चटणीसारखं बराच वेळ चालणारं वाटण तो शाळेत असताना करून टाका. यात त्याचे लाड होत नाहीत. दिवसभरात त्याच्या वाट्याला येणारी दगदग तुम्ही मोजून देताय, म्हणजे शाळेतून आल्यावर अभ्यासाला बसण्याइतका जीव त्याच्यात उरेल.

मिरवणुकीतला डीजे आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, हा आपल्या गावात वेगळाच विषय आहे. यात्रेला मुलाला न्यायचंच नाही असं मी कधी सांगत नाही. तो या गावचा मुलगा आहे, मिरवणुकीतल्या त्या उंच, सजवलेल्या काठ्या, नंदीध्वज, त्यानंही पाहावेत. पण होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री गर्दीच्या मध्यात उभं करू नका. सकाळी, गर्दी कमी असताना दर्शन करा, पाळण्यांकडं संध्याकाळ व्हायच्या आत जाऊन या, आणि ‘नको झालं तर माझा हात दोनदा दाब, आपण लगेच निघू’ असं आधी ठरवा. त्यानं हात दाबला की खरंच निघा. एकदा शब्द पाळला की पुढच्या वेळी तो जास्त वेळ थांबतो. कारखान्यात वापरतात ते कानावरचे मफ हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, अशा प्रसंगी वापरायला चांगले. घरात, शाळेत दिवसभर घालू देऊ नका, त्यानं कान आणखी हळवे होऊ शकतात.

कटिंगचं जरा सविस्तर सांगते, कारण दोघांनी धरून केस कापणं मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. प्रत्येक वेळी धरल्यावर त्याचा मेंदू शिकतो की खुर्ची म्हणजे पकडलं जाणं. पुढच्या वेळी तो दुकानाच्या दारातच रडतो, आणि आपल्याला वाटतं की त्रास वाढला. दोन महिने केस थोडे वाढू द्या, काही बिघडत नाही. या काळात आधी नुसतं दुकानात जाऊन या, भावाचे किंवा बाबांचे केस कापताना तो लांबून बघेल. दुकानदाराशी आधी बोला आणि दुपारी, गिऱ्हाईक नसताना वेळ घ्या. रविवारी सकाळी अजिबात नको. मशीन नको, कात्रीच हवी, कारण मशीनची थरथर आणि आवाज दोन्ही कवटीतून कानात जातात. पाण्याचा फवारा अचानक न मारता घरूनच केस ओले करून न्या. मानेला गुंडाळायचं प्लास्टिकचं कापड काढून घरचा जुना सुती टॉवेल. बसण्याआधी बाबांनी डोकं आणि खांदे दोन्ही हातांनी मिनिटभर घट्ट दाबून द्यावेत. हलका, गुदगुल्यांसारखा स्पर्श या मुलांना चिडवतो, घट्ट आणि ठाम स्पर्श बहुतेकांना चालतो. पहिल्या दिवशी कानामागचे चारच केस कापले तरी चालेल. चार केस, न रडता, न धरता. बाहेर येऊन त्याला आवडतं ते द्या आणि घरी या. आपल्या गावातले केस कापणारे काका-दादा याबाबतीत फार समजूतदार असतात असा माझा अनुभव आहे. कारण सांगितलं की ते स्वतःहून सांभाळून घेतात. नखं कापणं, दात घासणं, गणवेशाची लेबलं हेसुद्धा याच पद्धतीनं. लेबल उसवून टाका, मोजे उलटे घाला, नवा शर्ट आधी चार वेळा धुवा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा घामानं चिकटलेलं टेरिकॉटचं कापड या मुलांना असह्य होतं, तेव्हा आत सुती बनियन द्या.

उन्हाळ्याचा विषय निघालाय तर हेही. ज्याला पडल्याचं दुखणं कळत नाही त्याला तहानही उशिरा कळू शकते. त्याच्या ‘पाणी नको’वर विसंबू नका. घड्याळ लावून पाणी द्या, आणि शाळेत मधल्या सुट्टीत लघवीला जायचं हे वेळापत्रकातच बसवा. संध्याकाळी आंघोळीच्या वेळी गुडघे, कोपर, तळपाय नजरेखालून घाला. लागलेलं त्यानं सांगितलेलंच नसेल.

कॉलर चावण्यावर ओरडून उपयोग नाही. त्याचा जबडा काम मागतोय, ते त्याला दुसरीकडं द्या. आणि इथं सोलापूरकरांचं नशीब थोर आहे, आपल्याकडं कडक भाकरी आहे. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गाजराच्या काड्या. शाळेला जाण्याआधी आणि मधल्या सुट्टीत असलं कडक, चावावं लागणारं काही मिळालं की बऱ्याच मुलांची कॉलर वाचते. त्याचं वय साडेसात असल्यानं भाजलेले शेंगदाणेही चालतील. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. चावणं अभ्यासाच्या वेळीच वाढतंय का ते वहीत बघा. तसं असेल तर ते जबड्यापेक्षा मनाच्या ताणाचं लक्षण आहे आणि इलाज भाकरीचा नसून अभ्यास सोपा करण्याचा.

खाण्याचं: त्याचे पाच-सहा पदार्थ कोणते ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण लिहून काढलेत तर त्यात एक सूत्र सापडेल. सगळं कुरकुरीत, किंवा सगळं मऊ आणि पांढरं, असं काहीतरी. भाजीतला मऊ-कडक असा मिश्र घास या मुलांना विश्वासघातासारखा वाटतो, दर घासाला तोंडात काय येईल ते कळत नाही. म्हणून त्याच्या पदार्थापासून एकेक पाऊल पुढं जा. कडक भाकरी खात असेल तर पुढं तीच थोडी कमी भाजलेली, मग धपाटं, मग धपाट्यात बारीक मेथी. नवा पदार्थ ताटात कडेला राहू दे, खाल्लाच पाहिजे अशी सक्ती नको. दहा-पंधरा वेळा नुसता दिसल्यावर एखाद्या दिवशी तो बोट लावेल, त्यालाही यश म्हणा. तोंड उघडून भरवणं आणि मोबाईल दाखवून भरवणं दोन्ही थांबवा. वजन वाढत नसेल किंवा असलेल्या पदार्थांतलेही कमी होत चालले असतील तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांकडं जा.

उड्या आणि धडकणं. त्याच्या स्नायूंना काम हवंय, आणि एडीएचडीमुळं थांबणंही अवघड आहे. दोन्ही एकत्र आहेत, वेगळं करत बसू नका. ओढणं, ढकलणं, उचलणं, चढणं अशी कामं दिवसात तीन-चार वेळा वाटून द्या. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्या दिवशी छोटी कळशी भरून आणायचं काम त्याचं. बाजारातून येताना बटाट्याची पिशवी त्याच्याकडं. भाकरीचं पीठ तिंबायला त्याला आजीशेजारी बसवा. संध्याकाळी बागेत घसरगुंडीवर उलटं चढू द्या. व्यायामानं एडीएचडीच्या मुलांचं लक्ष काही प्रमाणात सुधारतं हे अभ्यासांत दिसलंय. मेंदू त्यानं ‘दुरुस्त’ होतो असं मी म्हणणार नाही, पण गृहपाठाआधी वीस मिनिटं असं काम झालेलं मूल आणि न झालेलं मूल यांच्यातला फरक तुम्हाला आठवडाभरात दिसेल.

ऑनलाइन मिळणारी जड रजई घ्यावी का, असं पालक हमखास विचारतात. हजारो रुपये घालू नका. २०१४ साली ऑटिझम असलेल्या ६७ मुलांवर तिची चाचणी झाली. झोप काही सुधारली नाही, मुलांना रजई आवडली एवढंच. घट्ट पांघरुण त्याला आवडत असेल तर थंडीत सोलापुरी चादरीच्या दोन घड्या पुरेत. त्याला स्वतःला ती सहज काढता आली पाहिजे आणि डोक्यावर कधीच घ्यायची नाही.

शाळेत जाऊन ‘त्याला सेन्सरी आहे’ असं सांगू नका. पटावर पन्नास मुलं असलेल्या बाईंना त्याचं काय करायचं तेच कळत नाही. त्यांच्याकडून दोन-तीनच नेमक्या गोष्टी मागा. त्याला दारापासून आणि स्पीकरपासून लांब, पुढच्या बाकावर कडेला बसवा. प्रार्थनेला रांगेत सगळ्यांत शेवटी उभं करा, म्हणजे मागून कोणाचा धक्का लागणार नाही. दर तासाला फळा पुसणं, वह्या गोळा करून कार्यालयात नेणं असं उठायचं एक काम द्या. सायकलची जुनी ट्यूब बाकाच्या पुढच्या दोन पायांना ताणून बांधली की पाय ताणायला त्याला जागा मिळते आणि शेजारच्याला लाथ बसत नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी एका मुलासाठी बांधली होती, वर्ष संपेपर्यंत वर्गातल्या सहा बाकांना ट्यूबा लागल्या.

आता वाचन. इथं मला ठाम बोलायचंय, कारण पालकांचा पैसा आणि मुलाची महत्त्वाची दोन-तीन वर्षं इथंच वाया जातात. झोपाळ्यावर बसवून, अंगाला ब्रश फिरवून, रंगीत काचांचा चष्मा लावून वाचन सुधारत नाही. वाचनाची अडचण मुख्यतः भाषेतल्या ध्वनींची असते: ‘कमळ’ मधला पहिला आवाज कोणता, ‘कमळ’ मधला ‘क’ काढला तर काय उरतं, हे मुलाला सहज कळत नाही. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्रितपणे सांगितलं की डोळ्यांचे व्यायाम आणि रंगीत भिंगं यांनी अध्ययन अक्षमता सुधारते याला आधार नाही. वाचन सुधारतं ते वाचन पद्धतशीर शिकवल्यानं. आपल्या लिपीत आवाज आणि खूण यांचं नातं बरंच सरळ आहे, याचा फायदा घ्या. एका वेळी थोडीच अक्षरं, मग त्यांना काना, मग वेलांटी, प्रत्येक पायरीवर भरपूर सराव, जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. घ-ध, भ-म यांसारखी दिसायला जवळची अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका. रोज वीस मिनिटं, शक्य असेल तर विशेष शिक्षिकेकडून. अध्ययन अक्षमतेचं पक्कं निदान साधारण आठ वर्षांनंतर होतं, पण शिकवायला त्या कागदाची वाट पाहू नका.

लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडत असेल, ओळ सोडून जात असेल, तर तिथं आमचा भाग येतो. त्यातही आता अनुभव आणि अभ्यास दोन्ही हेच सांगतात की जे काम शिकायचं त्याच कामाचा, लहान तुकडे करून, सराव करावा. गुंडी लावायला शिकायची तर गुंडीच लावायची.

मग थेरपीचा उपयोग काय? उपयोग आहे, पण किती ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. एयर्सच्या पद्धतीनं, म्हणजे झोपाळा, चढणं, ढकलणं अशा खेळांतून काम केल्यावर काय होतं याचा एक चांगला अभ्यास २०१४ मध्ये झाला: ऑटिझम असलेली ३२ मुलं, १० आठवडे. प्रत्येकासाठी घरच्यांसोबत ठरवलेली उद्दिष्टं, म्हणजे कपडे घालणं, जेवायला बसणं अशी, थेरपीच्या गटात जास्त साधली. पुढं २०२२ साली ब्रिटनमधल्या १३८ मुलांच्या मोठ्या चाचणीत चिडचिडीवर नेहमीच्या सेवेपेक्षा ठळक फायदा दिसला नाही. म्हणून मी पालकांना सांगते: नेमकं, घरात दिसेल असं उद्दिष्ट असेल तर थेरपी करा. ‘मुलगा शांत होईल’, ‘मेंदू जोडला जाईल’ असल्या वाक्यांवर करू नका.

त्या पॅकेजवाल्यांना जाऊन चार गोष्टी विचारा. तीन महिन्यांनी नेमकं काय बदललेलं दिसेल? मला खोलीत बसून बघता येईल का? घरी काय करायचं ते दर वेळी सांगाल का? फरक पडला नाही तर कधी थांबायचं? आई-वडिलांना आत येऊ देत नाहीत तिथं मी माझं मूल पाठवणार नाही. थेरपिस्टची महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडं नोंदणी आहे का तेही विचारा, विचारण्यात संकोच नको. सहा महिन्यांचे पैसे आधी भरू नका. आठवड्यातून एकदा येऊन सहा दिवस घरी नीट केलेलं काम, रोज येऊन घरी काहीच न करण्यापेक्षा कितीतरी पुढं नेतं.

औषधाबद्दल दोन ओळी. हळव्या संवेदनांसाठी वेगळं औषध नाही. एडीएचडीचं औषध डॉक्टरांनी सुचवलं असेल तर घाबरून टाळू नका, त्यांच्याशी सविस्तर बोला. लक्ष टिकायला लागलं की वाचनाचा सराव आणि आमचं काम दोन्ही सोपं होतं. कागदपत्रांचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी नाही. पुढं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्तीची वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. आता दुसरीत त्याची घाई नाही.

सासूबाईंचं शेवटी मुद्दाम ठेवलंय. ‘लाडावलाय’ म्हणणाऱ्या आजी माझ्याकडं खूप येतात आणि त्यातल्या बहुतेक पुढं माझ्या सगळ्यात मोठ्या मदतनीस होतात. कारण त्यांनी नातवाला तुमच्यापेक्षा जास्त तास पाहिलेलं असतं. त्यांच्याशी वाद घालू नका. ती वही त्यांच्या हातात द्या, लिहिता येत नसेल तर त्या सांगतील आणि तुम्ही लिहा. आणि भाकरीचं पीठ तिंबायचं काम त्यांच्या देखरेखीखाली सुरू करा, आजपासूनच. कोणत्याही चांगल्या थेरपिस्टकडं पहिल्यांदा जाल तेव्हा वही, कानाच्या तपासणीचा कागद, शाळेची एक मराठीची वही आणि आजी, हे चौघं सोबत असू द्या.